सातबारा कुणाचा, पासपोर्ट कुणाचा?

(देगलूर येथे महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नर्सिंगच्या मुली आणि बचत गटांतील बायका यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या बापांनो, भावांनो,

मला दिलेला विषय आहे 'परदेशी शिक्षण आणि नोकरीच्या संधी'. या विषयावर बोलायला हैदराबादहून किंवा पुण्याहून एखादे सल्लागार आले असते, तर त्यांनी पडद्यावर बर्फातली विद्यापीठं दाखवली असती आणि जाताना आपलं कार्ड वाटलं असतं. माझ्याकडे कार्ड नाही. मी समाजकार्यातली बाई आहे. माझ्याकडे ज्या बायका येतात त्यांचं नाव बहुधा कागदावर नसतं, किंवा चुकीचं असतं, किंवा त्यांनी न वाचता कुठल्या तरी कागदावर सही केलेली असते. तेव्हा मी कागदांच्या बाजूनंच बोलणार.

आधी सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर देते. परदेशी शिकून किंवा काम करून आल्यावर चांगली नोकरी मिळते का? मिळते. याला आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुना पुरावा आहे, आणि तो बायकांचाच आहे.

आनंदीबाई जोशी तुम्हाला पाठ आहेत. 1883 साली त्या कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला गेल्या, 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पण पुढचा भाग शाळेत फारसा सांगत नाहीत. शिक्षण पुरं होताच कोल्हापूर संस्थानानं त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाची प्रमुख म्हणून नेमलं. म्हणजे पदवी हातात, नेमणूक हातात. त्या परत आल्या त्या क्षय घेऊनच, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या त्या खुर्चीवर त्या एक दिवसही बसल्या नाहीत. त्यांनी शिकावं हा ध्यास आधी नवऱ्याचा, गोपाळरावांचा. त्यासाठी मारझोडही झाली, हे त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. त्या शिक्षणाला पुढे आनंदीबाईंनी आपलं केलं, हा त्यांचा मोठेपणा. पण आपण पोरींना आनंदीबाईंचं उदाहरण देतो तेव्हा एवढंच सांगतो, की बघा, नवऱ्यानं शिकवलं. मला हे पुरत नाही.

म्हणून मी नेहमी रखमाबाईंचं नाव घेते. लहानपणी लग्न झालेलं, नांदायला जाणार नाही म्हणाल्या. नवऱ्यानं 1884 साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. 1887 मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बाई म्हणाली, तुरुंगात जाते. 1888 साली पैसे देऊन तडजोड झाली, प्रकरण मिटलं. आणि दुसऱ्याच वर्षी, 1889 ला, ही बाई लंडनला वैद्यकीय शिकायला गेली. मुंबईच्या कामा हॉस्पिटलातल्या डॉक्टर एडिथ पीची पाठीशी उभ्या राहिल्या, निधी जमला. 1894 साली शिकून परत आल्या, सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या, पुढे राजकोटला गेल्या. तीसपेक्षा जास्त वर्षं नोकरी केली. स्वतःच्या पगारावर जगल्या, 1955 साली गेल्या. जिला कोर्टानं नवऱ्याच्या घरी जायचा हुकूम दिला होता, तिला परदेशी शिक्षणानं स्वतःचं घर दिलं. 'करिअर' हा शब्द आजकाल फार वापरतात. मला त्या शब्दाचा अर्थ रखमाबाईंमुळे कळला.

तिसरं नाव कमला सोहोनींचं. 1933 साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी, मुलगी आहे म्हणून, आधी नकार दिला आणि मग अटी घालून घेतलं. तिथून त्या केंब्रिजला गेल्या आणि 1939 मध्ये डॉक्टरेट घेऊन आल्या. दिल्ली, कुन्नूर करत शेवटी मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदापर्यंत पोचल्या.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू, आणि मराठवाड्यात ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बाबासाहेब 1913 साली बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड. बदल्यात बडोदा संस्थानात नोकरी करायचा करार. 1917 मध्ये ते नोकरीवर हजर झाले. अमेरिकेची पदवी घेतलेल्या त्या माणसाला बडोदे शहरात राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत कसेबसे राहिले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन हुसकलं. कचेरीत शिपाई फाइली लांबून फेकत. ते नोकरी सोडून मुंबईला आले, आणि 1918 साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. बघा, तीच पदवी. एका गावात ती कामाला आली नाही, दुसऱ्या गावात आली. म्हणजे पदवी परदेशात मिळते, पण तिची किंमत आपलाच समाज ठरवतो. जातीचं हे जसं आहे, तसंच बाईचंही.

आपलं देगलूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्याच निजामाच्या सरकारनं 1895 साली हैदराबादच्या सरोजिनी चट्टोपाध्यायांना, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडूंना, इंग्लंडला शिकायला शिष्यवृत्ती दिली. राज्य एक, तिजोरी एक. पण शिष्यवृत्ती राजधानीतल्या शिकलेल्या घरात पोचते, लेंडीकाठच्या घरात पोचत नाही. आजही अडचण तीच आहे. योजना आहेत, त्या तालुक्याला माहीत नसतात.

माहीत नसतात म्हणून सांगते, मुलींनो, लिहून घ्या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाच्या समाजकल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954 पासून आहे. तिच्या 125 जागा आहेत. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर, पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी ती आहे. वय पस्तिसाच्या आत, पदवीला साठ टक्के, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. आणि तीस टक्के जागा मुलींना. हे वाचून मला बरं वाटलं होतं. मग त्याच नियमावलीतलं पुढचं वाक्य वाचलं: पुरेशा मुली आल्या नाहीत तर त्या जागा मुलांना द्याव्यात. मुली का येत नाहीत, हे शोधायची तरतूद मात्र त्यात नाही. शिवाय 2022 साली नवा नियम आला, की भारतीय समाज, संस्कृती, इतिहास या विषयांवर अभ्यास करायला या शिष्यवृत्तीवर परदेशी जाता येणार नाही. म्हणजे आपल्या वस्तीतली मुलगी यंत्रं शिकायला जाऊ शकते. आपल्याच आजीचं जगणं अभ्यासायला जाऊ शकत नाही. यावर संघटनांनी आवाज उठवला. आपणही तो विसरू नये.

शिष्यवृत्ती मूठभरांना मिळते. बाकीचे जातात ते कर्जावर आणि जमिनीवर. हे मी जरा सावकाश सांगते.

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते. घर किंवा बिगरशेती प्लॉट असेल तर ठीक. शेतजमीन तारण घ्यायला बँका तयार नसतात, कारण कर्ज थकलं तर ज्या कायद्यानं त्या घर-प्लॉट जप्त करतात तो शेतजमिनीला लागू नाही. मग शेतकऱ्याच्या घरी उरतं काय? रान विकणं. आणि रान विकायला, किंवा पुढं वाटणीची भानगड नको म्हणून, बहिणींकडून हक्कसोडपत्र घेणं.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाएवढा हक्क आपल्या महाराष्ट्रात 22 जून 1994 पासून आहे, काही अटींसह. साऱ्या देशात तो 2005 पासून आला. 2020 साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं, की हा हक्क जन्मानंच आहे, बाप 2005 साली हयात होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध नाही. कायदा इतका पक्का आहे. आणि आपल्याकडे राखीपौर्णिमेला साडीचोळी आणि दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री ऑफिस! बायका सांगतात, "ताई, भावाची माया तुटंल म्हणून सही केली."

मुखेडकडचं एक घर मला माहीत आहे. गावाचं नाव सांगत नाही. सहा एकर रान, एक मुलगा, दोन मुली. मुलाला डॉक्टर करायचं. लातूरला दोन वर्षं क्लास, खोली, मेस. परीक्षेत गुण कमी पडले. मग एका एजंटानं सांगितलं, परदेशात कमी पैशांत एमबीबीएस होतं. दोन एकर विकले. थोरली तेव्हा बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं आणि धाकटीनं सही केली. पोरगा सहा वर्षांनी डॉक्टर होऊन आला. आता इथं काम करायचं तर परदेशातून आलेल्या डॉक्टरांची परीक्षा पास व्हावी लागते, आणि बहुतेक वर्षी त्या परीक्षेत चारांतला जेमतेम एक पास होतो. तो दोनदा नापास झाला. मी त्याला दोष देत नाही. तोही घरात तोंड लपवून बसतो. एजंटानं त्या परीक्षेबद्दल चकार शब्द काढला नव्हता. 2021 च्या नियमांप्रमाणे किमान चोपन्न महिन्यांचा अभ्यासक्रम एकाच ठिकाणी, इंग्रजीतून, आणि शिवाय तिथंच वर्षभराची इंटर्नशिप, हेही कुणी सांगत नाही. 2022 साली युक्रेनचं युद्ध झालं तेव्हा आपल्याकडची किती लेकरं तळघरांत अडकली होती, आठवतं ना? तेव्हा कळलं, कुठल्या कुठल्या गावातून पोरं गेली होती.

थोरली मात्र पहिल्याच झटक्यात पास झाली. नांदेडात एका खाजगी दवाखान्यात लागली. बारा-बारा तास ड्यूटी आणि पगार नऊ हजार. घरात सगळ्यांत लवकर कमवायला लागलेली तीच, आणि जमिनीवरचा हक्क सोडलेलीही तीच. ती मागच्या वर्षी माझ्याकडे आली ते भावाची तक्रार घेऊन नाही. तिला विचारायचं होतं, "ताई, मला बाहेर देशात नर्स म्हणून जाता येईल का?"

येईल. आणि इथंच मला वाटतं आपल्या भागातल्या मुलींसाठी या विषयाचा गाभा आहे. विद्यापीठातली महागडी पदवी चारदोघींना मिळेल. पण नर्सिंग झालेली मुलगी आपल्याकडे घराघरात आहे, आणि जगाला नर्सेस हव्या आहेत. केरळच्या मुली दोन-तीन पिढ्या आधीच हे शिकल्या. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. त्यात नर्सिंग आहे. करारावर मी डोळे झाकून विश्वास ठेवा म्हणत नाही. सरकारी करार आणि रुजू व्हायचा दिवस यांत केवढं अंतर असतं, ते आपण जाणतो. पण भाषा शिकणं कुणाच्या करारावर अवलंबून नाही. तिकडे नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी तर जर्मन भाषेची बी-दोन पातळी लागते. त्याला वर्षभराहून जास्त मेहनत जाते, आणि ती बारा तासांच्या ड्यूटीनंतर करावी लागते.

आखाती देशांबद्दल वेगळं सांगावं लागतं. हद्द ओलांडली की तेलंगणा, आणि निजामाबादच्या बाजूला घरटी एक माणूस दुबई-सौदीला गेल्यासारखं वाटतं. तिकडचे एजंट आता आपल्याकडेही फिरतात. नर्सभरतीत इतकी लूट झाली, की 2015 साली केंद्र सरकारनं ठराविक अठरा देशांसाठी ती सरकारी संस्थांमार्फतच करायचा नियम घातला. एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर बघता येतं. नोंदणीकृत एजंटलाही तीस हजार आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते, पावतीसकट. कुणी दीड लाख मागितले, तर तो नोकरी विकतोय असं समजा आणि घरी या.

घरकामाला जाणाऱ्या बाईसाठी नियम असा, की दहावी न झालेल्या, तिशीच्या आतल्या बाईला या देशांत त्या कामासाठी परवानगीच मिळत नाही. नियम बायकांच्या रक्षणासाठी केला म्हणतात. मला तो पटत नाही. गरज तर असतेच, म्हणून ती बाई पर्यटनाच्या व्हिसावर जाते, आणि तिथं तिचं नाव कुठल्याच वहीत नसतं. पुरुष गेला तर कामगार आणि बाई गेली तर सांभाळायची वस्तू, या विचारातून असे नियम येतात. बंदीपेक्षा करार, वकिलातीत नोंद आणि पगार तिच्याच बँक खात्यात, हे मागायला हवं. खात्यावरून आठवलं. परदेशी पैसे पाठवणाऱ्या बाईचं खातं तिच्या एकटीच्या नावावर असावं. मी अशा दोघीजणी पाहिल्या, ज्यांच्या पैशांतून भावाचं माडीचं घर उभं राहिलं आणि परत आल्यावर त्याच घरात त्या पाहुण्या झाल्या.

परदेशी जायचा आणखी एक रस्ता आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, तो म्हणजे लग्न. इंजिनिअर मुलगी, अमेरिकेतला नवरा. कौतुक होतं, हुंडाही त्याच मानानं चढतो. नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा तिथला व्हिसा तिला नोकरी करू देत नसे. 2015 पासून काहींना परवानगी मिळू लागली, सगळ्यांना नाही. पुण्यात कंपनीत कमावणारी मुलगी तिथं पाच-सात वर्षं भाकऱ्या करते आणि परत आल्यावर मुलाखतीत विचारतात, मधली वर्षं काय केलं? परदेशानं नोकरीची संधी वाढते असं म्हणताना, जाणारी कुठल्या कागदावर गेली हे विचारलंच पाहिजे. स्वतःच्या प्रवेशपत्रावर, स्वतःच्या नेमणुकीवर गेली तर वाढते. नवऱ्याच्या शेपटीला बांधून गेली तर होती तीही जाते.

आणि कागद म्हटलं की नाव. आपल्या मुलींचं दहावीचं प्रमाणपत्र बापाच्या नावानं, आधार नवऱ्याच्या नावानं, रेशन कार्डावर सासरचं लाडाचं नाव, आणि आडनावाचं स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी निराळं. परदेशी अर्जात हे सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. त्या थोरल्या मुलीचे दोन महिने यातच गेले. म्हणून सांगते, लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पासपोर्टसाठी तर नाहीच नाही. 2016 च्या डिसेंबरपासून पासपोर्टला विवाहाचा दाखला लागत नाही, आई-बापांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं, आणि घटस्फोटित किंवा विभक्त बाईवर नवऱ्याचं नाव द्यायची सक्ती नाही. हे माहीत नसल्यानं कितीतरी टाकलेल्या बायका, 'नवऱ्याची सही कुठून आणू' म्हणून अर्जच करत नाहीत.

कुणी विचारेल, इथं मुलीला बसनं उदगीरला पाठवायचं तरी घरात सभा भरते, आणि तुम्ही जर्मनीच्या गोष्टी काय सांगता? मला हा प्रश्न खोटा वाटत नाही. पण मी पाहिलंय, एकटी राहून, स्वतःचे पैसे मोजून, अनोळखी माणसांशी परक्या भाषेत बोलून आलेली मुलगी मुलाखतीत वेगळी बसते. ते नांदेडच्या वसतिगृहात राहूनही थोडं येतं, पुण्यात आणखी येतं. दूर जाण्यानं जे मिळतं त्यात पदवीचा वाटा निम्माच असेल. बाकी निम्मं म्हणजे 'कुठं चाललीस, कधी येशील' हे विचारणारं कुणी नसताना स्वतः ठरवलेले दिवस. मुलांना हे दिवस पोरवयातच फुकट मिळतात.

त्या मुलीचं पुढं काय, असं मघाशी चहाच्या वेळी एकीनं विचारलं. ती अजून नांदेडातच आहे. जर्मन शिकते आहे, पहिल्या दोन परीक्षा झाल्या. क्लासची फी बचत गटातून उचललेल्या कर्जातून भरली, जामीन तिची आई आणि आईच्या गटातल्या दोघी. वडील म्हणाले, "लग्नाचं बघू का तुझ्या भाषेचं?" आई त्यांच्यापुढं कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, "तिनं रान सोडलंय. आता तिला अडवायचं न्हाई." भाऊ तिसऱ्यांदा परीक्षेला बसतोय, आणि रात्री बहिणीला वैद्यकीय शब्दांची यादी करून देतो.

आता कामाचं. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला आपण याच ठिकाणी कागद बघायला बसणार आहोत. येताना दहावीचं प्रमाणपत्र, आधार, जातीचा दाखला आणि पडताळणी झाली असेल तर तो कागद, नर्सिंगच्या मुलींनी नोंदणी प्रमाणपत्र, आणि घरच्या जमिनीचा सातबारा घेऊन या. सातबारा ऑनलाइन निघतो, त्यासाठी कुणाला विचारायची गरज नाही. हक्कसोडपत्रावर सही करायला कुणी बोलावलं असेल, तर तो कागदही सही न करता आणा. लेकरं बरोबर आणली तरी चालेल, सांभाळायला दोघीजणी आहेत.